महाविद्यालयात इस्रायल-पॅलेस्टाईन संघर्षावरील माहितीपट दाखवल्यानंतर चर्चा कशी घ्यावी?

प्रश्न : फोंड्याची प्राध्यापिका

मी गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. गेल्या गुरुवारी आमच्याकडे इस्रायल-पॅलेस्टाईन संघर्षावरील एक माहितीपट दाखवण्यात आला आणि त्यानंतर चर्चा ठेवली होती. आयोजनात माझा सहभाग नव्हता. मी मागच्या रांगेत प्रेक्षक म्हणून बसले होते. तिथे जे घडले त्याचे मला फार वाईट वाटले. आता पुढच्या चर्चेची जबाबदारी माझ्यावर आली आहे, म्हणून इथल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

माहितीपटात दोन घरे आहेत. एक घर बेथलेहेमजवळच्या निर्वासित छावणीतील आजोबांचे. १९४८ साली गाव सोडताना त्यांच्या आईने दाराला कुलूप घातले आणि किल्ली कमरेला खोचली. ती किल्ली आजही त्यांच्या भिंतीवर टांगलेली आहे. दुसरे घर जेरुसलेममधील एका आईचे. बसमधल्या बॉम्बस्फोटात तिची शाळकरी मुलगी गेली, आणि त्या मुलीच्या खोलीतली एकही वस्तू तिने तेव्हापासून हलवलेली नाही. शेवटच्या दृश्यात ती आई खिडकी उघडते आणि तिथेच चित्र थांबते. सभागृहात साठेक मुले होती आणि त्या क्षणी कोणाच्या चपलेचाही आवाज येत नव्हता.

मग दिवे लागले आणि एका पाहुण्या वक्त्यांचे भाषण सुरू झाले. चर्चेसाठी एक तास होता, त्यातील चाळीस मिनिटे त्यातच गेली. उरलेल्या वेळात एका विद्यार्थ्याने उठून ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये मारल्या गेलेल्या सुमारे १,२०० माणसांचा आणि ओलीस नेलेल्या २५१ जणांचा आकडा सांगितला. त्यावर दुसऱ्याने गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदींनुसार जुलै २०२५ अखेर मृतांची संख्या ६०,००० च्या वर गेल्याचे सांगितले. दोघांचेही आकडे बरोबर होते. परंतु लिलावात बोली चढवावी तसे ते एकमेकांवर फेकले जात होते, आणि त्या आकड्यांत ती किल्ली आणि ती खोली दोन्ही हरवून गेली. कोणीतरी ओरडले, "तुम्ही कोणत्या बाजूचे ते आधी सांगा!" त्यानंतर कोणीच कोणाचे ऐकले नाही.

याच गोंधळात सांगे तालुक्यातील एक मुलगी उभी राहिली आणि कोकणीत एवढेच म्हणाली, "आमचें घर उदकापोंदा आसा," म्हणजे आमचे घर पाण्याखाली आहे. तिचे आजोळ साळावली धरणात गेलेल्या कुर्डी गावचे. व्यासपीठावरून तिला विषयाला धरून बोलण्यास सांगण्यात आले आणि ती खाली बसली. तेवढ्यात वाळपईची शेवटची कदंब बस गाठण्यासाठी निम्मी मुले उठली आणि कार्यक्रम संपला. मी तेव्हा उठून काही बोलले नाही, हे मला अजून टोचते आहे.

दोन आठवड्यांनी याच मुलांसाठी दीड तासाची दुसरी बैठक ठेवायचे ठरले असून ती मी घ्यायची आहे. सुरुवात कुठून करू? इतिहास आधी सांगावा की नंतर? मराठीत कोणते शब्द वापरले म्हणजे शब्दांतूनच निकाल लागल्यासारखे होणार नाही? आणि त्या मुलीने केलेली तुलना पुन्हा चर्चेत आणावी, की तसे करणे त्या दूरच्या लोकांच्या दुःखाशी आणि त्या मुलीशीही अन्याय ठरेल?

उत्तर : तिसवाडीकर

ताई, मी पणजीत गेली बरीच वर्षे चित्रपट मंडळाच्या कामात आहे. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आल्यामुळे आपल्याकडे परदेशी चित्रपट पाहणारा प्रेक्षक घडला, ही मोठीच गोष्ट झाली. मात्र महोत्सवातील प्रश्नोत्तरांची सवय आपण महाविद्यालयांत जशीच्या तशी आणली, आणि ती तिथे चालत नाही. महोत्सवात दिग्दर्शक समोर असतो, त्यामुळे प्रश्न त्याच्याकडे जातात. महाविद्यालयात दिग्दर्शक नसतो, म्हणून त्याच्या जागी वक्ता बसवला जातो आणि मुलांनी नुकतेच जे पाहिले त्यावर त्याच्या बोलण्याचे झाकण बसते. माझी पहिली विनंती अशी की दुसऱ्या बैठकीला वक्ता बोलावूच नका.

माहितीपटातील आठ-दहा मिनिटांचा तुकडा पुन्हा दाखवा. किल्लीचा प्रसंग आणि खोलीचा प्रसंग, दोन्ही हवेत. त्यानंतर दोन मिनिटे पूर्ण शांतता ठेवा. ही दोन मिनिटे तुम्हाला फार लांब वाटतील, तरी मोडू नका. मग पहिला प्रश्न एवढाच विचारा, की तुम्ही काय पाहिले आणि काय ऐकले? मत विचारू नका. भिंत कोणत्या रंगाची होती, आजोबा बोलताना मागे कोणाचा आवाज येत होता, आई बोलताना कॅमेरा तिच्या हाताकडे का गेला, असे बोलणे सुरू झाले की मुले पडद्याकडे परत येतात. माझा अनुभव असा आहे की पाहिलेल्या गोष्टीवर एकत्र बोललेली माणसे पुढे मतभेदाच्या मुद्द्यावर आली, तरी एकमेकांचे वाक्य पूर्ण होऊ देतात.

यानंतर हा माहितीपट केला कोणी, पैसा कोठून आला, कोणाच्या घरात कॅमेरा जाऊ शकला आणि कोणाच्या नाही, हे प्रश्न घ्या. उपशीर्षकांबद्दलही विचारा. अरबी आणि हिब्रू बोलणे इंग्रजीत आले आणि मुलांनी ते मनात मराठीत किंवा कोकणीत उतरवून घेतले. या प्रवासात बरेच काही गळते. आजोबा ज्या शब्दात ‘घर’ म्हणाले त्याचा अर्थ वास्तू होता, गाव होता की घराणे, हे मुलांना विचारून पाहा.

"तुम्ही कोणत्या बाजूचे" या प्रश्नाचे म्हणाल तर आपल्या गोव्याने तो महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही यावरच्या १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी आणि पुढे १९८५ ते १९८७ या काळातील कोकणी-मराठी राजभाषेच्या आंदोलनात घरोघरी ऐकलेला आहे. बाजू आधी सांगितली की पुढचे वाक्य कोणी ऐकत नाही, हे आपल्या आईवडिलांना चांगले ठाऊक आहे.

एक नियम मी सुचवेन. इस्रायलमध्ये १९९५ साली यित्झाक फ्रँकेंथाल यांनी, हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेने त्यांच्या मुलाचे अपहरण करून त्याची हत्या केल्यानंतर, जवळची माणसे गमावलेल्या कुटुंबांची एक संघटना उभी केली. आज तिच्यात इस्रायली आणि पॅलेस्टिनी दोन्ही कुटुंबे आहेत. त्यांचे सदस्य शाळांमध्ये जोडीने जातात, एक इस्रायली आणि एक पॅलेस्टिनी, आणि प्रत्येक जण फक्त स्वतःवर काय गुदरले ते सांगतो. समोरच्याचे दुःख मोजायचे नाही, एवढा नियम तुमच्या बैठकीसाठी पुरेसा आहे.

आणि बैठक दुपारी अडीचला सुरू करा. वाळपईची आणि सांग्याची मुले घड्याळाकडे बघत बसली असतील तर वरचे सगळे व्यर्थ आहे.

उत्तर : पेडण्याचे निवृत्त शिक्षक

तिसवाडीकरांचे म्हणणे मला पटते. फक्त इतिहास मागे ठेवण्याची भीती वाटते. मी चौतीस वर्षे इतिहास शिकवला. मुलांना माहिती नसली की ती रिकामी जागा मोबाईलवर आलेल्या चित्रफितींनी भरते. मात्र इतिहास भाषणातून सांगण्याऐवजी मी पुढील रीत वापरून पाहिली आहे.

फळ्यावर एक लांब रेघ ओढा आणि तिच्यावर कोणतेही साल लिहू नका. प्रत्येक मुलाला चिठ्ठी द्या आणि विचारा, ही गोष्ट कोणत्या सालापासून सांगायची, आणि तिथूनच का? कोणी १९१७ लिहील, कारण त्या वर्षी २ नोव्हेंबरला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी पॅलेस्टाईनमध्ये ज्यू लोकांच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारे पत्र लिहिले. त्याच पत्रात तिथल्या ज्यूंखेरीज इतर समाजांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना बाध येऊ नये, असेही लिहिले होते, आणि ते लोक त्या वेळी बहुसंख्य होते. कोणी १९२९ लिहील, कारण त्या वर्षी हेब्रॉनमध्ये ६७ ज्यूंची हत्या झाली. १९३६ लिहिणारा ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या अरबांच्या उठावापासून सुरुवात करील. युरोपातील ६० लाख ज्यूंच्या संहारापासून सुरू करणारा निर्वासितांनी भरलेल्या जहाजांची गोष्ट सांगेल. १९४८ लिहिणाऱ्याला त्याच वर्षात दोन गोष्टी सापडतील. इस्रायलसाठी ते स्वातंत्र्याचे वर्ष आहे. पॅलेस्टिनी लोक त्याला ‘नकबा’ म्हणजे महासंकट म्हणतात, कारण सात लाखांहून अधिक माणसे घरादारास मुकली. त्यानंतरच्या वर्षांत अरब देशांतून लाखो ज्यूंना आपली जुनी घरे सोडून निघावे लागले, हेही त्याच रेघेवर यायला हवे. १९६७ च्या जूनमधील सहा दिवसांच्या युद्धापासून सुरू करणारा पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गाझा यांच्यावरील इस्रायलच्या ताब्याविषयी बोलेल. १९९३ लिहिणारा इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातील ऑस्लो शांतता कराराची आशा सांगेल, आणि तीच आशा १९९४ साली हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू हल्लेखोराने नमाज पढणाऱ्या २९ जणांना मारल्याने, नंतरच्या बसमधील स्फोटांनी आणि ४ नोव्हेंबर १९९५ रोजी एका ज्यू तरुणाने इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांची हत्या केल्याने कशी मोडत गेली तेही सांगेल.

सगळ्या चिठ्ठ्या रेघेवर चिकटवल्या की मुलांना दिसते की ज्याने जे साल निवडले त्यात पहिला दगड नेहमी दुसऱ्यानेच मारलेला असतो. हे मी सांगण्यापेक्षा त्यांना स्वतः दिसावे. गोव्यात हे समजणे कठीण नाही. आपला इतिहास कदंब राजांपासून सांगणारा, पोर्तुगीजांनी गोवा घेतला त्या १५१० पासून सांगणारा आणि गोवा मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ पासून सांगणारा, अशी तीन माणसे एका पिंपळाच्या पारावर बसवली तर तीन वेगळे गोवे ऐकू येतात.

भारताचा भाग अवश्य सांगा, कारण तो मुलांना सहसा ठाऊक नसतो. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाईनसाठी अकरा देशांची समिती नेमली होती आणि भारत तिचा सदस्य होता. बहुमताने फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी एकाच संघराज्याची योजना मांडली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला, १० देश तटस्थ राहिले आणि भारताने विरोधात मत दिले. आपल्या स्वतःच्या फाळणीला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. पंजाबातील छावण्या भरलेल्या होत्या. पुढे भारताने १९५० साली इस्रायलला मान्यता दिली, १९८८ साली पॅलेस्टाईन राज्याला मान्यता दिली आणि १९९२ साली इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. यात कोणाला सातत्य दिसेल, कोणाला बदल दिसेल; दोन्ही म्हणणी मुलांना पुराव्यानिशी मांडता येतील.

आता शब्दांविषयी. आपली वर्तमानपत्रे ‘पश्चिम किनारा’ लिहितात आणि वर मीही तेच लिहिले आहे, कारण तोच शब्द रुळला आहे. परंतु गोव्याच्या मुलाने ‘पश्चिम किनारा’ वाचले की त्याच्या डोळ्यांसमोर मोरजी, कळंगुट आणि कोलवा येतात! माझ्या वर्गातील एका हुशार मुलाने परीक्षेत तिथे मासेमारीचा व्यवसाय चालतो असे लिहिले होते आणि चूक त्याची नव्हती. हा किनारा समुद्राचा नाही, जॉर्डन नदीचा पश्चिम काठ आहे. भूमध्य समुद्राचा एक मीटरही त्या प्रदेशाला लागत नाही. ‘जॉर्डन नदीचा पश्चिम काठ’ असे एकदा सांगा आणि नकाशा दाखवा. समुद्र आहे तो गाझाला. गाझा पट्टी ३६५ चौरस किलोमीटरची, म्हणजे ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्याचा जेमतेम दहावा हिस्सा. आणि २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती, तर गाझात २० लाखांहून अधिक लोक राहतात. संपूर्ण गोवा आणि वर पाच लाख माणसे एका तालुक्याहून थोड्या मोठ्या जागेत कशी मावतील, हा विचार मुलांना करू द्या.

‘वस्ती’ आणि ‘वसाहत’ यांतील फरकही सांगा. वस्ती हा शब्द आपल्याकडे निरुपद्रवी आहे, वसाहत म्हटले की पोर्तुगीज आठवतात. १९६७ नंतर व्याप्त प्रदेशात उभारलेल्या ज्यू वसाहती आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ च्या आणि पुन्हा २०२४ च्या सल्लागार मतात आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध ठरवल्या आहेत, म्हणून मी ‘वसाहत’ हाच शब्द वापरतो आणि का वापरतो ते वर्गात सांगतो. इस्रायल सरकारला हे मत मान्य नाही, तेही सांगतो. त्याचप्रमाणे ज्यू, इस्रायली आणि इस्रायल सरकार हे तीन शब्द वेगळे ठेवावेत. तसेच मुसलमान, अरब, पॅलेस्टिनी आणि हमास हे चार. बेथलेहेम पॅलेस्टिनी प्रदेशात आहे आणि तिथे ख्रिस्ती पॅलेस्टिनी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, हे साष्टी तालुक्यातील ज्या ख्रिस्ती कुटुंबांनी पवित्र भूमीची यात्रा केली आहे त्यांना विचारले तर ते सांगतील.

उत्तर : म्हापशाहून एक पालक

माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. विषय महत्त्वाचा आहे याबद्दल वाद नाही. परंतु अशा कार्यक्रमात मूल काही बोलते, कोणीतरी ते मोबाईलवर टिपते आणि अर्धे वाक्य गावभर फिरते. पुढे नोकरीसाठी किंवा व्हिसासाठी तेच आडवे आले तर जबाबदारी कोणाची? इतक्या दूरच्या भांडणासाठी आपल्या मुलांनी ही किंमत का द्यावी, हे मला मनापासून विचारायचे आहे.

फोंड्याची प्राध्यापिका

तुमची काळजी अगदी योग्य आहे आणि माझ्या मनात हा मुद्दा आला नव्हता. बैठकीत सगळ्यांचे मोबाईल दाराशी टोपलीत ठेवले जातील, माझाही. आकडे सांगून भांडणारी ती दोन मुले वाईट नव्हती. मोबाईल समोर धरले गेल्यावर त्यांचा आवाज चढला, हे आता आठवते. विषय दूरचा आहे की नाही, याचे उत्तर मात्र मी एकटी देऊ शकणार नाही.

उत्तर : अलिबागकर, सध्या मडगाव

दूरचा आहे का, याविषयी मला लिहावेसे वाटते. माझी आजी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली होती. नौगावजवळ जहाज फुटले, सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश कोकणात वाढला, अशी आमच्यात परंपरेने सांगितलेली कथा आहे. आमचे पूर्वज घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून अष्टागरात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावांवरून आडनावे पडली, घरात मराठी बोलली गेली, कीर्तनेही मराठीत झाली. मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले. कोकणात ज्यू म्हणून कोणी त्रास दिल्याची एकही गोष्ट मी आजीच्या तोंडून ऐकली नाही. गोव्यात मात्र इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज काळातील धर्मन्यायालयाने, गार्सिया द ऑर्ता या मोठ्या वैद्याला त्याच्या मृत्यूनंतरही सोडले नाही. त्याच्या घराण्याचे मूळ ज्यू होते, म्हणून १५८० साली त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. माझे दोन प्रदेश असे शेजारी-शेजारी आहेत.

आजीची धाकटी बहीण साठच्या दशकात नवऱ्याबरोबर इस्रायलला गेली आणि लोद या शहरात स्थायिक झाली. तिथे बेने इस्रायल समाजाच्या लोकांना सहज स्वीकारले गेले नाही; विवाहासाठी त्यांचे ज्यूपण पूर्णपणे मान्य व्हावे म्हणून त्यांना आंदोलन करावे लागले आणि १९६४ साली तो प्रश्न सुटला. मावशीआजीची पत्रे मराठीत येत. पुरणपोळीला तिकडची डाळ चालत नाही, मुलगा सैन्यात गेला, रस्त्यापलीकडे अरब शेजारी आहेत आणि त्यांच्याकडची लोणच्याची ऑलिव्ह फळे चांगली असतात, असे त्यांत असे. इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघते, ते कधी पत्रासोबत यायचे.

मोठेपणी वाचायला लागलो तेव्हा कळले की जुलै १९४८ मध्ये लोद आणि शेजारचे रामले या दोन शहरांतून पन्नास हजारांहून अधिक पॅलेस्टिनी लोकांना उन्हाळ्यात पायी बाहेर काढण्यात आले, आणि नंतर जगभरातून आलेल्या ज्यू कुटुंबांना तिथे वसवण्यात आले. माझी मावशीआजी त्यानंतर कितीतरी वर्षांनी गेली. तिने कोणाला हाकलले नाही. ती ज्या इमारतीत राहिली ती नवी होती, जुनी नव्हती, हेही मला ठाऊक आहे. तरीही ‘लोद’ हे नाव मी त्यानंतर पूर्वीसारखे उच्चारू शकलो नाही. माझ्या माहितीतील मराठी बोलणारी सर्वांत प्रेमळ बाई आणि कोणाच्या तरी भिंतीवरची किल्ली एकाच शहराच्या आहेत.

ताई, हे मुलांना सांगितलेत तर निकाल म्हणून सांगू नका. मला स्वतःला अजून निकाल लावता आलेला नाही. ७ ऑक्टोबरनंतर तिथल्या नातलगांना फोन केला तेव्हा ते आश्रयखोलीत होते आणि मला रडू आले. गाझातील मुलांची छायाचित्रे पाहतानाही रडू येते. एका बाजूचे रडू खरे आणि दुसरीकडचे खोटे, असे मला कोणी सिद्ध करून दाखवलेले नाही. मात्र रडू दोन्हीकडे सारखे येते म्हणून दोन्हीकडची सत्ता सारखी होत नाही. एकीकडे राज्य आहे, सैन्य आहे. दुसरीकडे अनेकांकडे नागरिकत्वही नाही. समतोल राखण्याच्या नादात हे झाकले जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर : सांगेकर

कुर्डीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमचे कुटुंब तिथून उठले. साळावली धरणासाठी गाव रिकामा झाला आणि आम्हा लोकांना वाडे आणि वालकिणी येथे वसवण्यात आले. दर मे महिन्यात पाणी ओसरते, गाव वर येतो आणि आम्ही सगळे तिथे जातो. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती बांधव कपेलाजवळ, म्हणजे छोट्या चर्चजवळ, जमतात. घरे नाहीत, जोती आहेत. माझी आई चुलीची जागा दाखवायची आणि तिथे थोडा वेळ बसायची. पावसाळा लागला की पुन्हा सगळे पाण्याखाली.

त्या मुलीला विषयाला धरून बोल म्हणून खाली बसवले हे वाचून जीव कळवळला. ती विषयालाच धरून बोलत होती. किल्ली पाहिल्यावर तिला आजीचे घर आठवले, आणि माहितीपट दाखवण्याचा हेतू याहून वेगळा काय असतो?

तुलना होऊ द्या. पण फरक तिलाच सांगू दे. आम्हाला जमीन आणि भरपाई मिळाली. ती पुरेशी होती की नाही यावर आमच्याकडे आजही बोलले जाते. धरणासाठी गाव गेला आणि आमच्याच नव्या घरांना नळाचे पाणी मिळायला वर्षे गेली, हे दुःखही आहे. पण आम्हाला कोणी बंदूक दाखवली नाही. आमचे घर पाण्याने घेतले, दुसऱ्या माणसाने त्यात बिऱ्हाड केले नाही. आणि मे महिन्यात आम्ही निघतो तेव्हा वाटेत कोणी परवाना विचारत नाही. त्या आजोबांचे गाव कदाचित छावणीपासून तीस-चाळीस किलोमीटरवर असेल, फोंड्याहून कुर्डी असावी तेवढेच, आणि ते परवानगीवाचून तिथे जाऊ शकत नाहीत. मला वाटते, त्या मुलीला हा फरक आपल्या सगळ्यांपेक्षा आधी कळेल. आम्ही वर्षातून एकदा जाऊन चुलीजवळ बसतो, म्हणून आमचा जीव तगला आहे. ते बसणेही नसते तर काय झाले असते, याचा विचार मी तुमचा प्रश्न वाचल्यापासून करतो आहे.

तिची इच्छा नसेल तर तिला पुन्हा उभे करू नका. एकदा खाली बसवलेल्या माणसाला मग आदरानेही उभे केले तरी ओशाळल्यासारखे होते. आधी एकटीला भेटा.

फोंड्याची प्राध्यापिका

आज मी तिला ग्रंथालयाबाहेर भेटले आणि त्या दिवशी मी मागे बसून गप्प राहिले याबद्दल तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "टीचर, मला बोलायचे नाही, दाखवायचे आहे." तिच्या आजीने कुर्डीतून निघताना तुळशीवृंदावनाचा एक चिरा गाडीत घालून आणला होता, तो आता वाडे येथील घरी पायरीला लावलेला आहे. त्याचे छायाचित्र ती आणणार आहे. बैठकीत ते किल्लीच्या प्रसंगानंतर दाखवायचे की चिठ्ठ्यांनंतर, हे मी तिच्यावरच सोपवले आहे.

बाकी असे ठरले आहे. बैठक दुपारी अडीचला, खुर्च्या गोलात, वक्ता नाही, मोबाईल टोपलीत. आधी दोन प्रसंग आणि दोन मिनिटांची शांतता, मग पेडण्याच्या सरांची रेघ. आकड्यांवरून भांडलेल्या दोन्ही विद्यार्थ्यांना मी एकत्र एकच काम दिले आहे: १९४७ च्या समितीत भारताने मांडलेली संघराज्याची योजना काय होती, ती वाचून दोघांनी मिळून दहा मिनिटांत सांगायची. दोघेही नाराज दिसले, पण नाही म्हणाले नाहीत. अलिबागकर दादा, लोदची हकिकत तुमचे नाव न सांगता मुलांना वाचून दाखवण्याची परवानगी द्याल का? सत्तेविषयीचे तुमचे शेवटचे वाक्यही त्यात ठेवीन.

आणि सर, जॉर्डन नदी ठळक दिसेल असा मोठा मराठी नकाशा आमच्या ग्रंथालयात नाही. तुमच्या शाळेतला जुना नकाशा अजून असेल तर शनिवारी मी पेडण्याला येऊन घेऊन जाईन.